पाण्यापासून अर्धा मीटर वर: एका छोट्या होडीच्या फॉइलच्या नोंदी

८ जानेवारी २०२३

होडी आज लाकडी घोड्यांवर उलटी चढवली. प्लायवूडची, एकहाती, एका शिडाची. लांबी ३.६ मीटर, शीड ८ चौरस मीटर. वारा ओळखायला मी हिच्यावरच शिकले, त्यामुळे तळाशी करवत लावताना हात जरा थबकला. डॅगरबोर्डची, म्हणजे होडी आडवी घसरू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, फट रुंद करून भोवती कार्बनचं कापड चढवायचं आहे. नवा उभा खांब तिथे बसेल आणि होडीचं जवळजवळ सगळं वजन त्या एका जागेवर येईल.

बेत असा आहे: पाण्याखाली दोन आडवे पंख, म्हणजे हायड्रोफॉइल. मोठा मधल्या खांबाखाली, लहान सुकाणूच्या पात्याखाली. समोरून पाहिलं तर उलटा टी. वेग आला की त्यांनी होडीला आणि मला पाण्याबाहेर उचलायचं आणि तिथेच धरून ठेवायचं.

पाणी कापत जाणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, उठलेली लाट होडीच्या लांबीएवढी झाली की होडी त्या लाटेचा चढ चढू लागते. माझ्या होडीला हा अडसर ४.६ नॉटच्या आसपास येतो. हलकी होडी जोराच्या वाऱ्यात त्यावरून घसरत पुढे जाते, पण तळ पाण्यावर घासतच राहतो. तळच पाण्याबाहेर काढला तर ही भानगड संपते.

१५ जानेवारी

हिशेबाचा दिवस. होडी, डोलकाठी, शीड आणि बाजूला बसायच्या नळ्यांच्या चौकटी मिळून ५२ किलो. फॉइल आणि जोडकाम ८ किलो धरलं. मी ५८. एकूण ११८ किलो, म्हणजे १,१५८ न्यूटन. एवढी उचल हवी.

मोठा पंख १.०५ मीटर लांब आणि सरासरी १२ सेंटिमीटर रुंद, लहान ७५ बाय १०. दोन्ही मिळून ०.२ चौरस मीटर, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरहून फार मोठं नाही. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्यामुळे एवढं पुरतं. सेकंदाला ४ मीटर वेगाला, म्हणजे पावणेआठ नॉटला, उचलीचा गुणांक, म्हणजे पंखाला किती ताणावं लागतं त्याचं माप, ०.७२ लागतो. साडेतीन मीटरला ०.९४, तो फार ताणलेला. आठ मीटरला अवघा ०.१८. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून उठताना जो पंख जेमतेम पुरतो तोच वेगात चौपट जोर लावायला बघतो. हा जास्तीचा जोर क्षणोक्षणी कमी करणारं काहीतरी हवं, नाहीतर होडी वर जातच राहील आणि पंख पाण्याबाहेर येऊन सगळं कोसळेल.

काकांना आकडे दाखवले. त्यांनी उभी हयात विमानांची मॉडेलं बनवण्यात घालवली आहे. कागद बघून म्हणाले, "अगं, उडेल. उडणारच. खाली वर न करता चालेल कशी, ते सांग."

२९ जानेवारी

पंखाचा छेद ठरला: नाका ६३-४१२, विमानाच्या पंखांच्या ठरावीक आकारांपैकी एक. जाडी रुंदीच्या १२ टक्के, म्हणजे मध्यावर साडेचौदा मिलिमीटर. घरी फॉइल बनवणाऱ्यांचा हा जुना भरवशाचा छेद आहे. फार पातळ केला तर रोध, म्हणजे पाण्याची मागे ओढ, कमी होतो, पण कमी वेगात पंख लवकर दम सोडतो आणि वाकतोही जास्त. मला आधी उठायचं आहे, शर्यती नंतर.

गाभा सीडरच्या पट्ट्या चिकटवून केला. दर १० सेंटिमीटरला पत्र्याचा साचा लावून रंधा मारायचा, मग पॉलिश पेपर. पुढची कड चुकली तर पंखच चुकला, म्हणून काकांनी ती नखाने तपासायला सांगितली. नख न अडकता सरकलं पाहिजे. दिवसभरात एकाच बाजूचं काम झालं.

१२ फेब्रुवारी

पहिला पंख वाया गेला. इपॉक्सी लावून, एकाच दिशेच्या धाग्यांचं कार्बन वर सहा आणि खाली सहा थर देऊन, सगळं व्हॅक्यूम बॅगेत घातलं. रात्री बॅगेच्या एका कोपऱ्यातून हवा शिरली. सकाळी पंपाचा काटा उतरलेला होता आणि वरच्या थरांत बोटभर लांबीचे फुगे. नाण्याने ठोकून पाहिलं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, इथे बोद येत होता. झोपण्याआधी काटा दोनदा बघितला असता तर वाचला असता. गाभ्यासकट बाद केला.

२६ फेब्रुवारी

दुसरा पंख. या वेळी बॅगेला दुहेरी चिकटपट्टी लावली, पंप लावून दोन तास थांबले आणि काटा हलत नाही हे बघूनच झोपले. आवाज सगळीकडे खणखणीत.

५ मार्च

वजनाची परीक्षा. चालताना मोठा पंख एकूण भाराचा सुमारे ८० टक्के वाटा घेईल, म्हणजे प्रत्येक बाजूला ४७ किलो. पंख उलटा धरून मध्यावर पक्का आवळला आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन टांगत गेलो, प्रत्येकी ६० किलोपर्यंत, तेही अर्ध्या पंखाच्या दोन तृतीयांश अंतरावर. पंखावर पाणी पसरून जोर लावतं, टोकाकडे एकवटून नाही, त्यामुळे ही परीक्षा पाण्यातल्यापेक्षा कडक होती. टोकं २२ मिलिमीटर वाकली. पहिल्या वजनाला एकदा 'टक्' झालं आणि धाकट्या भावाने घाबरून "ताई, उतरव!" म्हणून हाक मारली. इपॉक्सीचा जादा थेंब सुटला होता, दुसरं काही नाही. वजन काढल्यावर टोकं जागच्या जागी आली.

संध्याकाळी मागच्या ३० टक्के भागाचा फ्लॅप, म्हणजे उचल कमीजास्त करायला वरखाली हलणारी पट्टी, कापला. वरचा पातळ अरामिडचा (चिवट, न तुटता वाकणाऱ्या धाग्याचा) थर तसाच ठेवला, तोच बिजागरी. ना खिळा ना पिन, त्यामुळे वरच्या पृष्ठभागावर पाणी सलग वाहतं.

१२ मार्च

उभ्या खांबाचं इपॉक्सी वाळतंय. हाताला काम नाही, तेव्हा गेल्या महिन्याभरात वाचलेलं इथे उतरवते. माझ्या कामाचा सगळा पेच या इतिहासात आधीच येऊन गेला आहे.

एन्रिको फोर्लानिनी या इटालियन माणसाने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर शिडीसारख्या पंखांची इंजिनवाली बोट उडवली. होडी वर आली की शिडीच्या वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर येतात, पाण्यातला पंख कमी होतो, उचल घटते. उंची आपोआप सांभाळली जाते. शिडाच्या बोटीवर हेच तत्त्व अमेरिकेत गॉर्डन बेकर यांच्या 'मॉनिटर'ने १९५५ मध्ये दाखवलं आणि ती ३० नॉटपर्यंत पोचली. भक्कम उपाय, पण पायऱ्यांची प्रत्येक सांध पाण्यात रोध वाढवते आणि पृष्ठभाग छेदणाऱ्या प्रत्येक पंखावरून हवा खाली खेचली जाते.

छोट्या एकखोळी, म्हणजे एकाच धडाच्या, होड्यांमध्ये ही गोष्ट घडली ती मॉथ नावाच्या शर्यतीच्या होड्यांच्या वर्गात. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात इनव्हरलॉकला लेन मॉरिस यांनी ११ फुटांची साधी होडी बांधली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत जोएल व्हॅन सँट यांनी स्वतंत्रपणे जवळजवळ तेवढीच. लांबी, रुंदी, शीड एवढंच बांधलेलं, बाकी मोकळीक. मोकळीक असलेल्या वर्गातच असं काही उगवतं. २००० सालाच्या आगेमागे पर्थमध्ये ब्रेट बर्व्हिल यांनी बाजूच्या चौकटींवरून तिरपे पंख पाण्यात सोडले आणि मॉथ उडवली. वर्गाने तो मार्ग बंद केला: दोन बाजूंच्या पंखांवर उभी राहणारी होडी एकखोळी कशी म्हणायची? निर्णय त्या वेळी कटू वाटला असेल, पण त्यातून वाट निघाली ती मधोमध एकामागे एक ठेवलेल्या दोन उलट्या टी पंखांची. इयन वॉर्ड यांनी सिडनीत त्यावर प्रयोग केले, पर्थमध्ये जॉन इलेट यांनी ते विकत घेता येईल इतकं पक्कं केलं. २००५ मध्ये मेलबर्नला रोहन व्हील फॉइलवाल्या मॉथने जगज्जेते झाले, आणि त्यानंतर पाण्यात घासत जाणाऱ्या मॉथने ते पद कधी जिंकलेलं नाही.

आता माझा मुद्दा. पूर्ण बुडालेल्या पंखाला आपण किती खोल आहोत हे फारसं कळत नाही. दोन हात खोल असो की एक हात, उचल जवळजवळ तीच. मधोमध एकाच रांगेत असल्यामुळे बाजूला आधारही नाही, होडी सायकलसारखी तोलायची. मग उंची कोण सांगणार? उत्तर १९४० च्या दशकातच होतं. ख्रिस्तोफर हूक या इंग्रज संशोधकाने 'हायड्रोफिन' या आपल्या फॉइलबोटीच्या पुढे पाणी चाचपणारे हात लावले होते आणि ते पंखांचा कोन बदलायचे. मॉथच्या नाळेवरची बारीक काठी, जिला सगळे वाँड म्हणतात, ती त्याच हातांची वारसदार. लोक फोटोत पंख बघतात. मला ती काठी जास्त मोलाची वाटते.

२ एप्रिल

काठी बसवली. नाळेच्या टोकाला खीळ, तिच्यावर ९५ सेंटिमीटरची कार्बनची नळी, पाणी तिला मागे ढकलतं, रबराची दोरी पुढे ओढते. होडी खाली असते तेव्हा काठी मागे आडवी पडलेली. तेव्हा दांडी, कोपरदांडी आणि खांबातून उतरणारी सळई मिळून फ्लॅप १० अंश खाली करतात: भरपूर उचल. होडी चढते तशी काठी उभी होत येते आणि फ्लॅप सपाट होत शेवटी ४ अंश वर जातो.

सगळा सांगाडा ढिला निघाला. सहा सांधे, प्रत्येकात केसभर खेळ, पण फ्लॅपपाशी मिळून तीन अंश. पाणी विचारत होतं आणि फ्लॅप ऐकतच नव्हता. काकांनी मॉडेलच्या विमानांचे छोटे गोल सांधे दिले. खेळ अर्ध्या अंशावर आला.

१६ एप्रिल

शीड न लावता मोटरबोटीमागे ओढून चाचणी. दोरी मधल्या खांबाच्या वरच्या टोकाला बांधली आणि तिच्यात ओढ मोजायचा काटा. भाऊ बोटीत बसून आकडे ओरडत होता, मी होडीत. हेल्मेट, अंगरक्षक जॅकेट, दोरी कापायची सुरी. पंखाची मागची कड सुरीसारखीच असते, पडताना त्याच्यापासून दूर उडी मारायची हे आधीच दहा वेळा घोकून ठेवलं होतं.

साडेसहा नॉटला काटा १९ किलो. सातला तेवढाच. साडेसातला तळाखालचा खळखळाट एकदम थांबला.

पहिल्यांदा वाटलं दोरी तुटली. मग खाली बघितलं तर पाणी लांब होतं. काटा ११ किलो! वेग वाढला होता आणि ओढ कमी झाली होती. भाऊ आकडा ओरडायचाच विसरला. शंभरेक मीटर चालले, दोरी ढिली करायला सांगितली, होडी अलगद उतरली. कागदावरचे ४ मीटर आणि पाण्यावरचे साडेसात नॉट यांच्यात एवढाच फरक निघेल असं वाटलं नव्हतं.

३० एप्रिल

पहिल्यांदा शीड लावून. वारा १२ नॉट, झुळुका १५ पर्यंत. नऊ वेळा उठले, नऊ वेळा पडले.

चित्र दर वेळी सारखंच. वारा आडवा घेतला की होडी उठते. पाव मीटरपर्यंत छान. मग नाळ वर, काठी सुटते, फ्लॅप झटक्यात वर, नाळ खाली, काठी मागे, फ्लॅप खाली, नाळ पुन्हा वर, पहिल्यापेक्षा जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला मोठा पंख पाण्याबाहेर येतो, उचल संपते आणि होडी नाळेवर आदळते. मी पुढे तारांपर्यंत फेकली जाते. जोराच्या झुळुकेत हे लवकर घडतं, मंद वाऱ्यात उशिरा. एकदा बारा सेकंद टिकले, ते वारा पडला होता म्हणून.

भाऊ म्हणाला, "ताई, आता बास, बोटं निळी पडलीत." खरंच पडली होती. आणखी एकदा उठून बघितलं आणि परतलो.

३ मे, रात्री

हेलकाव्यांचं कारण कागदावर सापडलं. मी काठी आणि फ्लॅप यांच्यातलं गुणोत्तर एकच समजत होते. सांध्यांपाशी ते एकच आहे, पण उंची आणि काठीचा कोन यांच्यातलं नातं सरळ नाही.

खीळ पाण्यापासून ३० सेंटिमीटरवर असते तेव्हा ९५ ची काठी उभ्यापासून सुमारे ७२ अंश मागे पडलेली असते. तिथे होडी १० सेंटिमीटर चढली तर फ्लॅप साधारण २ अंश हलतो. खीळ ८५ वर गेली की काठी २७ अंशांवर, जवळजवळ उभी. तिथे त्याच १० सेंटिमीटरला फ्लॅप साडेचार अंश हलतो. म्हणजे जितकं वर, तितकी काठी उतावीळ. भर म्हणजे वर असताना वेगही जास्त, आणि फ्लॅपच्या एका अंशाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढलेला. आठ मीटरला तो चार मीटरच्या चौपट. उतावीळपणा दोन्हीकडून गुणला जातो. खाली सगळं गोड चालतं आणि वर गेल्यावर बिघडतं, ते यामुळे.

उपाय लांब काठीचा. १.२ मीटरची काठी त्याच उंचीला ४५ अंशांवर राहते. तेवढाच फ्लॅप फिरवायला दांडी थोडी बदलावी लागेल, पण १० सेंटिमीटरला खाली २.३ आणि वर ३.२ अंश असं बरंच समतोल उत्तर येतं. लांब काठी पाण्यावर जास्त थडथडते, म्हणून टोकाला बोटभर चपटं पातं आणि रबर थोडं कडक. दुसरी गोष्ट, सुकाणूचा पंख. त्याला एक अंश जास्त कोन दिला तर मागून आधार वाढेल आणि नाळेचं डोलणं लवकर मुरेल.

काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "खीळ आणखी पुढे नेता येईल का?" विचार बरोबर आहे. काठी जितकी पुढे, तितकी लाटेची खबर पंखाच्या आधी मिळते. नाळेवर ३० सेंटिमीटरची छोटी दांडी पुढे काढते आहे.

२१ मे

चालली.

वारा ११ ते १३ नॉट, पाणी बारीक सुरकुत्यांचं. पहिल्या उठण्यालाच चाळीस सेकंद. हेलकावा आला, एकदा, दुसऱ्यांदा लहान, मग नाहीसा. काठी समोर नुसती थरथरत होती, पाण्यावर बारीक रेघ ओढत. आवाज जवळजवळ नाहीच, खांबाची बारीक शीळ तेवढी. जीपीएसवर सर्वांत जास्त १४.६ नॉट. याच होडीत याच वाऱ्यात मी पूर्वी सात पाहिले की खूश व्हायचे.

दुपारनंतर तिरपं चालवायला शिकले. साध्या होडीत वारा आपल्याला वाऱ्यापासून दूरच्या बाजूला कलंडवतो आणि आपण ती सपाट ठेवायला झगडतो. फॉइलवर होडी वाऱ्याकडेच कलवायची, पंधरा अंश. अंगवळणी पडलेल्या सगळ्याच्या उलट, म्हणून पहिले दोन प्रयत्न शरीरानेच हाणून पाडले. पण फायदा मोठा. पंखाची उचल होडीबरोबर कलते आणि तिचा आडवा भाग शिडाच्या बाजूच्या रेट्याला तोंड देतो. ११८ किलोला पंधरा अंशांवर हा भाग सुमारे ३१० न्यूटन. खांबावरचा आडवा भार जवळजवळ संपतो, होडी घसरत नाही. शिवाय माझं वजन आणि होडीचंही वजन पंखाच्या वाऱ्याकडच्या बाजूला सरकतं, त्यामुळे शीड ढिलं न सोडता धरता येतं. मॉथवाले असे का कलून जातात ते पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. आज मांड्यांना कळलं.

४ जून

चांगल्या चाललेल्या फेरीत मागचा भाग एकदम धपकन बसला, नाळ आभाळाकडे. तीन वेळा. सुकाणूच्या खांबाच्या कमी दाबाच्या बाजूने हवा खाली ओढली गेली आणि पंखाची पाठ कोरडी पडली. पाण्याची वाफ होण्याइतका आमचा वेग नाही, ही निव्वळ वरून शिरलेली हवा. भाऊ किनाऱ्यावरून चित्रण करत होता, त्यात खांबाच्या मागे चंदेरी नळीसारखी पोकळी स्पष्ट दिसते.

खांबाच्या पुढच्या कडेला डाव्या बाजूला पुट्टीचा उंचवटा सापडला, अर्धा मिलिमीटरही नसेल. घासून ८०० च्या पेपरपर्यंत नेला. पाण्याच्या रेषेखाली बोटभर रुंदीची आडवी पट्टी चिकटवली, हवेला खाली उतरायला अडथळा म्हणून. सुकाणू मध्यावर धरला की पातं खरंच होडीच्या रेषेत येतं का तेही मोजलं: एक अंश बाहेर होतं. ते नीट केलं.

१८ जून

हवा शिरण्याचा प्रकार आज एकदाही नाही. सलग सर्वांत लांब उड्डाण १.३ किलोमीटर.

वारा पाठीवर घेऊन वळण्याचे अकरा प्रयत्न. अकराही वेळा तळ पाण्याला टेकला, पण शेवटच्या दोनदा नुसता टेकून पुन्हा उठला. भाऊच्या चित्रणात दिसतं की शीड पलीकडे जाताना मी मध्यावर उशिरा येते, होडी बाहेरच्या बाजूला कलते आणि पंखाचं टोक हवेत निघतं. पाय आधी हलवायचे, सुकाणू मग. वळताना उंची १० सेंटिमीटर कमी ठेवली तर टोकाला जास्त पाणी मिळेल. त्यासाठी काठीची लांबी चालता चालता बदलता यावी म्हणून नळीत नळी आणि एक बारीक दोरी हातापर्यंत आणायची आहे. नळी कापून ठेवली. आतली बाहेरच्या नळीत घट्ट बसते, उद्या घासावी लागेल.